पायगेमच्या गेमला आर्गपार्स: काही महिने वापरल्यानंतर

नोकरी सांभाळून मी पायथॉन आणि पायगेममध्ये (पायथॉनमध्ये गेम करायची लायब्ररी) एक छोटा गेम करतेय. वरून दिसणाऱ्या गुहा, दर खेपेला नव्याने तयार होणारे नकाशे, थोडीफार मारामारी. त्याच्या मुख्य स्क्रिप्टला कमांड लाइनवरून आर्ग्युमेंट्स, म्हणजे सुरू करताना नावापुढे टाइप करायच्या सूचना, देता यावीत म्हणून पावसाळ्याच्या तोंडाशी आर्गपार्स हे त्या वाचणारं पायथॉनचं मॉड्यूल बसवलं. आता स्वेटर बाहेर निघालेत, म्हणजे मत द्यायला पुरेसा वापर झालाय. पायथॉन ३.१२ वर आहे, त्यामुळे खालचं सगळं त्या आवृत्तीबद्दल.

खेळणाऱ्याला या आर्ग्युमेंट्सशी काही देणंघेणं नसतं. तो आयकॉनवर डबल क्लिक करतो, आवाज कमी करायला त्याच्याकडे मेन्यू असतो. ही सोय लागते ती गेम करणाऱ्याला. सातव्या लेव्हलचा दरवाजा उघडत नाही हे तपासायला आधीच्या सहा लेव्हल कोण खेळत बसणार? १९९३ च्या डूम या गेमलाही हव्या त्या नकाशात थेट उतरायला ‘वॉर्प’ आणि राक्षसांशिवाय फिरायला ‘नोमॉन्स्टर्स’ असे ऑप्शन होतेच.

आधी मी सिस मॉड्यूलमधली आर्गव्ही ही लिस्ट हाताने वाचत होते. पहिल्या जागी स्क्रिप्टचं नाव, पुढे जे टाइप केलं ते, आणि सगळं स्ट्रिंग. दोन ऑप्शन असेपर्यंत इफ-एल्सवर भागतं. त्यापुढे ती इफची शिडी गेमच्या कोडपेक्षा जास्त वेळ खाते. आर्गपार्स पायथॉन ३.२ पासून, म्हणजे २०११ पासून, सोबतच येतं. पिपने (पॅकेज उतरवायचं साधन) काही आणावं लागत नाही. याच कामाच्या क्लिक आणि टायपर या बाहेरच्या लायब्ररीही चांगल्या आहेत, पण एवढ्याशा कामासाठी आणखी एक डिपेंडन्सी मला नको होती.

रोजच्या वापरात सर्वात जास्त उपयोगी पडलेला ऑप्शन म्हणजे --सीड. सीड म्हणजे रँडम आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा; तो तोच असेल तर नकाशाही तोच. नकाशे रँडम असल्यामुळे मित्र सांगणार ‘भिंतीत अडकलो’, आणि माझ्याकडे तशी भिंतच तयार होणार नाही. आता सीड दिला नसेल तर गेम स्वतः एक आकडा काढतो आणि सुरू होतानाच लॉगमध्ये लिहितो. मित्र तो आकडा पाठवतो, मी तोच --सीडला देते, आणि तीच भिंत समोर उभी राहते. यात दोन बारकावे आहेत. डिफॉल्ट ‘नन’ (काहीच दिलेलं नाही) ठेवून ‘नन आहे का’ असंच विचारायचं. नुसतं ‘इफ सीड’ लिहिलं तर शून्य हा सीड गळून जातो. दुसरं म्हणजे नकाशासाठी रँडमचा वेगळा ऑब्जेक्ट करायचा. नाहीतर तलवारीच्या ठिणग्यांनी मधेच चार आकडे जास्त उचलले की पुढच्या लेव्हलचा नकाशा बदलतो, आणि सीड असूनही उपयोग शून्य.

पायगेमसोबत क्रमाला फार महत्त्व आहे. फाइलच्या डोक्यावरच पायगेम इम्पोर्ट केलं, तर --हेल्प मागितल्यावरही आधी पायगेमची स्वागताची ओळ छापली जाते आणि मग आपली मदत. ते फक्त दिसायला वाईट. खरी अडचण स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर टेस्ट चालवताना येते. तिथे एसडीएल या पायगेमच्या खाली चालणाऱ्या लायब्ररीच्या व्हिडिओ ड्रायव्हरचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ‘डमी’ करावं लागतं, आणि तेही डिस्प्ले सुरू व्हायच्या आत. म्हणून माझ्याकडे मेन फंक्शनमध्ये आधी आर्ग्युमेंट्स वाचली जातात, --हेडलेस (स्क्रीनशिवाय) असेल तर व्हेरिएबल सेट होतं, आणि पायगेमचा इम्पोर्ट त्यानंतर. कोड रिव्ह्यू करणारे नाक मुरडतील, मुरडू देत. मेनला लिस्ट बाहेरून देता येईल असंही ठेवलंय, कारण पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनाखाली आर्गव्हीमध्ये पायटेस्टचीच आर्ग्युमेंट्स असतात आणि आर्गपार्स बिनदिक्कत तीच वाचायला जातं.

चुकीच्या इनपुटला ते चोख उत्तर देतं. --लेव्हलला आकड्याऐवजी अक्षरं दिली की विंडो उघडायच्या आतच एरर, एक्झिट कोड २, आणि काय चुकलं त्याची एक ओळ. गेम किती अवघड हवा त्यासाठी ‘चॉइसेस’मध्ये तीनच नावं दिलीत; चौथं टाइप केलं तर चालणारी नावं तेच दाखवतं.

आता कुरकुर. ऑप्शनचं अर्धवट नाव चालवून घेण्याची त्याची सवय मला अजिबात आवडत नाही. --से (इंग्रजीत se) लिहिलं तरी --सीड (seed) समजतं. माझ्या बॅच फाइलमध्ये असंच छोटं रूप होतं. पुढे --सेटिंग्ज (settings) हा ऑप्शन आला आणि ती फाइल ‘कोणता से?’ म्हणून अडून बसली. ‘अलाऊ अ‍ॅब्रेव्ह’ फॉल्स करा, पहिल्याच दिवशी. टाइप म्हणून ‘बूल’ देण्याचा मोह टाळा, कारण ‘फॉल्स’ ही स्ट्रिंग रिकामी नसल्यामुळे तिचं ट्रू होतं. त्याऐवजी ‘स्टोअर ट्रू’ (ऑप्शन लिहिला की ट्रू), किंवा ३.९ पासूनचा बूलियन ऑप्शनल अ‍ॅक्शन. त्यात --साउंडसोबत --नो-साउंड आपोआप मिळतो. आणि दुसऱ्या मॉनिटरवर विंडो टाकायला जागा म्हणून ‘-२००,१००’ दिलं की ते त्याला नवा ऑप्शन समजतं आणि ‘एक आर्ग्युमेंट हवं होतं’ म्हणून तक्रार करतं. मधे स्पेस न देता बरोबरचं चिन्ह टाकलं की चालतं. नुसता -५ मात्र निमूट घेतं.

एक गोष्ट उशिरा सापडली आणि मनापासून आवडली. @ लावून फाइलचं नाव दिलं की तिच्यातली आर्ग्युमेंट्स वाचली जातात. अट एवढीच की ‘फ्रॉमफाइल प्रीफिक्स कॅरॅक्टर्स’मध्ये ते चिन्ह सांगून ठेवायचं. डूमच्या सोर्समध्येही @ नेच अशी रिस्पॉन्स फाइल देता येते, हे पाहून मजा वाटली. माझ्या प्रत्येक किचकट बगची आता अशी एक फाइल आहे. फक्त ओळीला एकच आर्ग्युमेंट. ‘--लेव्हल ७’ एका ओळीत लिहिलं तर स्पेससकट सगळं एकच शब्द धरलं जातं. तिथेही बरोबरचं चिन्ह.

विंडोजसाठी पायइन्स्टॉलरने कन्सोलशिवाय एक्झी बनवत असाल तर जपून. तिथे छापायला जागाच नसते. शॉर्टकटमध्ये एक चुकीचं आर्ग्युमेंट राहिलं की आर्गपार्स नेहमीप्रमाणे एरर लिहायला जातं, लिहिता येत नाही, आणि गपगुमान बाहेर पडतं. समोरच्याला दिसतं एवढंच, की क्लिक केलं आणि काहीच झालं नाही. मी पार्सरचा सबक्लास करून त्यातली ‘एरर’ मेथड बदलली. आता संदेश लॉग फाइलमध्ये जातो. मित्रांना देण्याच्या बिल्डमध्ये तर ओळखीची नसलेली आर्ग्युमेंट्स ‘पार्स नोन आर्ग्ज’ने बाजूला काढते आणि गेम सुरू होऊ देते. माझ्या स्वतःच्या बिल्डमध्ये मात्र कडक नियमच ठेवलेत.