घरातील छायाचित्रे : फोनमध्ये ठेवावीत की छापून?

जागा, खर्च आणि वाटप या तिन्ही बाबतींत फोन सरस आहे. पुण्यातील बारशाचा फोटो परदेशातील आजीला त्याच मिनिटाला दिसतो. टिकाऊपणाचा हिशेब मात्र इतका सरळ नाही. चांदीच्या क्षारांवर उमटलेले कृष्णधवल फोटो कोरड्या, अंधाऱ्या जागी शंभरहून अधिक वर्षे टिकले आहेत, तर १९७०च्या दशकातील कितीतरी रंगीत प्रती तांबूस पडल्या, आणि कोकणातील दमट हवेत बुरशीने दोन्हींना सोडले नाही. चिकट पानांचे अल्बम तर टाळावेतच.

फाइल फिकी पडत नाही, पण हार्ड डिस्क एका क्षणात बंद पडते, पासवर्ड ठाऊक असलेली व्यक्ती निघून जाते आणि सेवेच्या अटीही बदलतात : गूगल फोटोजवरील अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१पासून थांबली. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोतून मूळ तारीख आणि स्थळाची नोंदही गळून जाते.

छापील प्रतीचे खरे मोल मला तिच्या पाठीवर दिसते. ‘धाकट्या वन्संचे डोहाळजेवण, मिरज, १९६४, मागे उभ्या माई’ अशी एक ओळ असली, की पणतीलाही चेहऱ्यांची ओळख पटते, फोनमधील हजारो फोटोंत ती ओळ सहसा कोणी लिहीत नाही. म्हणून दरवर्षी मोजके फोटो निवडून छापावेत, मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहावीत आणि मूळ फाइली दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.