फाउंड्रीतील जबाबदारी: टप्प्यानुसार की गटानुसार?

बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीतील फाउंड्र्यांत (धातू वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यांत) जबाबदारी दोन प्रकारे वाटता येते: साचा, कोअर (आत पोकळ जागा राखणारा वाळूचा गाभा), ओतकाम आणि फेटलिंग (ओतलेल्या तुकड्याची साफसफाई) यांसाठी स्वतंत्र माणसे नेमून प्रत्येकाला आपल्या टप्प्यापुरते उत्तरदायी धरायचे, किंवा संपूर्ण कास्टिंग, म्हणजे ओतून घडवलेला तुकडा, एका गटाच्या हाती सोपवायचे.

पहिल्या पद्धतीत हात लवकर बसतो आणि नवख्याला शिकवणे सोपे जाते. दोषाचा माग मात्र तिथे अडतो. कास्टिंगमध्ये वायूची पोकळी राहिली, तर वाळूतला जादा ओलावा, नीट न सुकलेला कोअर, वायू निघून जायला अपुरी वाट किंवा थंडावलेला धातू यांपैकी कोणतेही कारण असू शकते, आणि ती पोकळी अनेकदा मशिनिंगच्या वेळीच उघडी पडते. तोवर प्रत्येक टप्प्याने आपले काम चोख झाल्याची नोंद केलेली असते. गटपद्धतीत मोल्डर (साचा बनवणारा) आणि धातू ओतणारा दोघेही तो तुकडा एकत्र तपासतात, आणि हे एकत्र तपासणे मला फार मोलाचे वाटते.

तरीही गटाचा धोका खरा आहे. फ्रेंच अभियंता माक्स रिंगेलमान याने १९१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोर ओढणारी माणसे वाढली, तसा प्रत्येकाचा सरासरी जोर घटत गेला. असे असूनही मी गटपद्धतच निवडेन. मात्र वाळूची ओल कोणी मोजली आणि धातूचे तापमान कोणी घेतले, हे पाळीच्या वहीत नावानिशी, मराठी व कन्नड दोन्ही वाचणाऱ्यांना कळेल असे लिहिलेले असावे.