‘क्षारताणावर’ म्हणून मिळणारी बाटली : खारजमिनीतल्या भाताला किती कामाची?

खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खारजमिनीच्या पट्ट्यात, जूनच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रांच्या फळीवर ‘क्षारताणावर’ (मिठाने पिकाला होणाऱ्या त्रासावर) असे छापलेल्या बाटल्या येतात. नावे निराळी, आत बहुतेकदा तेच: समुद्रशेवाळाचा अर्क, ग्लायसिन बीटेन, थोडे प्रोलिन. भातापुरते बोलायचे तर पाचपैकी अडीच गुण, तेही लावणीच्या दिवसांपुरते.

यातला खरा माल बीटेन. मुळाला मीठ लागले की झाडात अ‍ॅबसिसिक आम्ल, म्हणजे एबीए हे संप्रेरक, वाढते. पानांची रंध्रे (बारीक छिद्रे) मिटतात आणि पेशी प्रोलिनसारखी द्रव्ये साठवून आतले पाणी धरून ठेवतात. खाडीकाठची तिवरे असेच काम करणारे बीटेन स्वतः बनवतात, शिवाय पानांतून मीठ बाहेर टाकतात. पानावर बोट फिरवून जिभेला लावले की कळते. भाताला बीटेन जवळजवळ बनवताच येत नाही, पण पानावर फवारलेले शोषून घेता येते. म्हणजे दावा अगदीच हवेतला नाही.

मात्रेत मात्र हात आखडलेला. लेबलवर बीटेन 5 टक्के आणि मात्रा लिटरला 3 मिली असेल, तर लिटरमागे पडते 0.15 ग्रॅम, साधारण 1.3 मिलिमोल. प्रयोगांतले फवारे बहुधा याच्या कित्येक पट दाट असतात. म्हणून काही मनाने मात्रा चौपट करायची नाही. प्रोलिन जास्त झाले की तेच रोपाला बाधते. शेवाळाच्या अर्कातली सायटोकायनिनसारखी द्रव्ये पान हिरवे ठेवतात, पण रंध्रांच्या बाबतीत एबीएच्या उलट ओढतात. एकाच बाटलीत दार लाव आणि दार उघड, दोन्ही निरोप!

मिठातल्या सोडियमचे काय? तिथे बाटली गप्प. जुन्या पानांची टोके आधी करपतात, शेंड्याचे पान हिरवे राहते, कारण वर चढलेले सोडियम जुन्या पानांत साठत जाते. केरळच्या पोक्कळी भातात ते वाटेतच परत ओढून घेणारी जनुकीय सोय आहे. फवारणीने अशी सोय येत नाही, त्यासाठी वाणच हवा: काळा रता, भुरा रता किंवा पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राचे वाण. मातीची क्षारता 3 डेसिसायमन प्रति मीटरच्या पुढे गेली की भाताचे उत्पादन दर एककाला सुमारे 12 टक्क्यांनी घटते. ती खाली आणायची तर पावसाचे पाणी खाचरात कोंडून ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या झडपेतून) सोडायचे, दोन-तीनदा.

एवढे करूनही बाटली घ्यायची असेल तर 15 लिटरच्या पंपाला 45 मिली, सोबत स्टिकर, कारण भाताच्या पानावर थेंब ठरत नाही. पहिला फवारा राबावर (रोपवाटिकेवर), उपटणीच्या तीन दिवस आधी सकाळी. दुसरा लावणीनंतर आठवड्याने. पाणी पावसाचेच. बांधाजवळच्या मचूळ विहिरीचे घेतले तर पानावर मिठाचाच फवारा होतो. तांबेयुक्त बुरशीनाशकात मिसळू नका, पाने भाजतात. लेबलवर बीटेनची टक्केवारी नसेल तर बाटली परत फळीवर ठेवा. 2021 पासून अशी द्रव्ये, म्हणजे जैव-उत्तेजके, खत नियंत्रण आदेशाखाली आहेत, तेव्हा विचारायला संकोच नको. आणि फुलोऱ्यात बांधाला खांड (भगदाड) पडून खारे पाणी शिरले, तर पळंज (पोकळ दाणे) वाढणारच. त्या वेळी पैसे मातीच्या भरावावर घाला.