पेट पार्टनर्सकडे भुरीची नोंदणी: दोन वर्षांचा अनुभव

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत आता कुत्री पुष्कळ दिसतात, आणि आपल्या शांत, माणसाळलेल्या कुत्र्याला घेऊन वृद्धाश्रमात किंवा ग्रंथालयात जावे, अशी इच्छा बोलून दाखवणारेही बरेच भेटतात. त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. शेल्टरमधून आणलेल्या आमच्या भुरीची आणि माझी जोडी म्हणून पेट पार्टनर्स या, पाळीव प्राण्यांना घेऊन वृद्धांना व आजारी माणसांना भेटणाऱ्या स्वयंसेवकांच्या संस्थेत नोंदणी झाल्याला यंदा दोन वर्षे झाली, आणि नियमाप्रमाणे फेरपरीक्षाही नुकतीच पार पडली.

ही संस्था १९७७ साली ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे डेल्टा फाउंडेशन या नावाने सुरू झाली. कुत्र्यांखेरीज मांजरे, ससे, घोडे, इतकेच काय, लामासुद्धा तिच्याकडे नोंदवता येतात. एक गैरसमज मात्र आधीच दूर केलेला बरा. अंध व्यक्तीसोबत चालणाऱ्या प्रशिक्षित कुत्र्याला अमेरिकेतील कायद्याने दुकानात वा उपाहारगृहात प्रवेशाचा हक्क असतो. थेरपी कुत्र्याला, म्हणजे इतरांना विरंगुळा आणि धीर मिळावा म्हणून भेटीला नेल्या जाणाऱ्या कुत्र्याला, तसा हक्क नाही. जेथे बोलावणे असेल तेथेच त्याने जायचे.

संस्थेचा ऑनलाइन अभ्यासक्रम कुत्र्यासाठी नसून माणसासाठी आहे, ही गोष्ट नाव नोंदवताना अनेकांच्या लक्षात येत नाही. बसणे, थांबणे, ‘सोड’ म्हणताच तोंडातले सोडणे हे सारे कुत्र्याला आपणच आधी शिकवायचे असते. आम्ही गावातल्या प्रशिक्षण वर्गात ते केले. कुत्रा किमान एक वर्षाचा असावा आणि निदान सहा महिने आपल्या घरी राहिलेला असावा, अशी अट आहे. कच्चे मांस खाणाऱ्या कुत्र्याची नोंदणी होत नाही, कारण त्यातील जंतू आजारी माणसांपर्यंत पोहोचू शकतात.

प्रत्यक्ष परीक्षेत अडखळत चालणारी व्यक्ती जवळ येते, कोणी रागाने ओरडते, मागून धक्का लागतो, चारपाच जण एकदम अंगावरून हात फिरवतात. भुरी या सर्वांतून सुखरूप निघाली. माझी मात्र खरी परीक्षा तिथेच झाली. परीक्षकाचे लक्ष तिच्यावर होते तितकेच माझ्यावरही होते: मी तिच्याशी बोलते का, धक्का लागल्यावर तिला धीर देते का, ती कंटाळलेली मला कळते का. आपल्या प्राण्याची बाजू आपणच घ्यायची, हे या प्रशिक्षणाचे मुख्य सूत्र आहे आणि माझ्या मते त्याचे सगळे मोल त्यातच आहे.

पहिल्याच भेटीत त्याचा प्रत्यय आला. एका केंद्रात बाराएक खुर्च्या गोल मांडून ठेवल्या होत्या आणि आम्ही मधोमध उभे राहताच चहूबाजूंनी हात पुढे आले. भुरीने जांभई दिली, दोनदा जिभेने नाक चाटले आणि मान फिरवली. एरवी मी ‘दमली असेल’ म्हणून सोडून दिले असते. आता ही अस्वस्थतेची खूण आहे हे मला कळत होते. पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर पडलो. तिथल्या व्यवस्थापक बाई नाराज झाल्या, तरीही पुढच्या वेळी एकेका खोलीतच जाण्याची अट मी आग्रहाने मान्य करून घेतली.

त्या एकेका खोलीतल्या भेटींमुळेच एका आजींची ओळख झाली. त्या साताऱ्याकडच्या. इंग्रजीत विचारलेल्या प्रश्नांना त्या मान हलवून उत्तर देत, पण भुरीने पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकवताच ‘ये गं बाई, दमलीस का?’ म्हणाल्या, आणि अर्धांगाने जड झालेला उजवा हात डाव्या हाताने उचलून तिच्या डोक्यावर ठेवला. तो हात तिथे राहिला तोवर भुरी जराही हलली नाही.

भेटीआधीच्या चोवीस तासांत कुत्र्याला आंघोळ घालावी लागते, नखे घासावी लागतात, भेटीत पट्टा क्षणभरही हातातून सोडता येत नाही. नोकरी सांभाळून हे करणे जड जाते. त्याच्या बदल्यात नोंदणीकृत स्वयंसेवकाला भेटीच्या काळात विम्याचे संरक्षण मिळते, आणि ग्रंथालये किंवा शाळा प्रथम त्याचीच चौकशी करतात.

दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त भेट नको, असा नियम आहे. भुरीच्या तोंडाभोवतीचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत, म्हणून यापुढे पाऊण तासच थांबणार असल्याचे मी केंद्राला कळवले आहे; आजींची खोली आता पहिली घेते.