आधी कान की आधी जीभ? उच्चारदोष असलेल्या मुलांसाठी श्रवण प्रशिक्षणाचे पर्याय

चार वर्षांचं मूल 'कार'ला 'तार' म्हणतं. आपण त्याची गाडी उचलून विचारतो, "ही तुझी तार का?" तर ते वैतागतं, "तार नाही, तार!" आपल्याला दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात, पण आपण चुकीचं बोललो हे त्याला बरोबर कळलेलं असतं. जीन बर्को आणि रॉजर ब्राउन यांनी १९६० मध्ये असाच एक किस्सा नोंदवला होता. त्यातला मुलगा स्वतः 'फिश'ला 'फिस' म्हणायचा, पण मोठ्यांनी 'फिस' म्हटलेलं त्याला मुळीच चालायचं नाही. दुसरं एखादं मूल "तार का?" या प्रश्नाला खुशाल "हो" म्हणून खेळायला लागतं. दोघांचं बोलणं सारखंच बोबडं, पण एकाचा कान तयार आहे आणि दुसऱ्याचा नाही. कानाचा सराव आधी की जिभेचा, हा निर्णय माझ्या मते अर्धाअधिक इथेच होतो.

पण त्याआधी ऑडिओलॉजिस्टकडून श्रवणचाचणी करून घ्या. कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं असेल तर ऐकू कमी-जास्त येतं आणि घरच्यांच्या ते लक्षातही येत नाही. तशात कानाचा सराव घेणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

आता पर्यायांकडे येऊ. 'श्रवण प्रशिक्षण' या एका नावाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी मिळतात, आणि पालकांची गल्लत इथेच होते.

पहिला प्रकार नुसतं ऐकवण्याचा, म्हणजे ध्वनीचा भडिमार. बार्बरा हॉडसन आणि एलेन पेडन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या 'सायकल्स' पद्धतीत सत्राच्या सुरुवातीला आणि शेवटी एकाच ध्वनीचे साधारण २० शब्द किंचित मोठ्या आवाजात मुलाला ऐकवतात. मुलाने काहीच म्हणायचं नसतं. करायला सोपं, रडारड नाही, घरीही जमतं. मात्र त्या पद्धतीत भडिमार एकटा कधीच नव्हता, त्याच्या जोडीला उच्चाराचा सराव असायचाच. "रोज ही यादी ऐकवा, आपोआप सुधारेल" असं कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

दुसरा प्रकार पारखण्याचा, आणि माझं झुकतं माप याला आहे. इथे मूल निवाडा करतं. टेबलावर गाडीचं चित्र आणि शेजारी फुलीचा कागद ठेवायचा. ध्वनिमुद्रणातून कधी 'कार' येतं, कधी 'तार', कधी मधलंच काहीतरी, आणि तेही मोठ्यांच्या, मुलांच्या, बाईच्या, पुरुषाच्या अशा निरनिराळ्या आवाजांत. बरोबर वाटलं तर मणी चित्रावर, नाहीतर फुलीवर. काही मुलं पहिल्या दिवशी सगळे मणी चित्रावरच ठेवतात. तोच तर आजार, आणि तो असा डोळ्यांना दिसतो.

सुझन रव्हॅच्यू यांनी १९९४ मध्ये २७ लहान मुलांवर हे करून पाहिलं. उच्चाराचा सराव सगळ्यांना सारखाच होता, ऐकण्याचा भाग मात्र वेगवेगळा. चुकणाऱ्या ध्वनीच्या शब्दावर कान तयार केलेली मुलं उच्चारातही पुढे गेली, आणि ज्यांना भलतेच शब्द ऐकवले ती जवळपास तिथेच राहिली. २००४ मध्ये ३४ मुलांच्या अभ्यासातही नेहमीच्या थेरपीला ही पारख जोडलेल्या गटाचे उच्चार जास्त सुधारले. अभ्यास लहान आहेत, हे खरं. पण त्यातून एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे: सराव नेमक्या चुकणाऱ्या ध्वनीचाच हवा. मूल 'क'ला अडतंय आणि थेरपिस्ट (उच्चार सुधारून देणारे तज्ज्ञ) घंटा-ढोलाचे आवाज ओळखायला लावतायत, तर कारण विचारा.

तिसरा प्रकार हेडफोन आणि संगणकाचा. 'फास्ट फॉरवर्ड' हे त्यातलं गाजलेलं नाव. पॉला टॅलल आणि मायकेल मर्झेनिक यांच्या १९९६ च्या संशोधनातून ते आलं. ध्वनी ताणून आणि ठळक करून ऐकवायचे, म्हणजे मेंदूला फरक पकडता येईल, ही कल्पना. मुळात ते भाषा-विकासातल्या अडचणींसाठी होतं, उच्चारांसाठी नव्हे. २००८ मध्ये भाषेची अडचण असलेल्या, ६ ते ९ वर्षांच्या २१६ मुलांवर मोठी चाचणी झाली. रोज १ तास ४० मिनिटं, आठवड्याला ५ दिवस, ६ आठवडे. सुधारणा सगळ्याच गटांत झाली, साधे शैक्षणिक संगणक-खेळ खेळलेल्यांतसुद्धा. एवढा वेळ द्यायचा आणि पदरात वेगळं फारसं काही नाही? केवळ उच्चारासाठी मी हा पर्याय बाजूला ठेवेन.

राहिली थेट जिभेची वाट. चार्ल्स व्हॅन रायपर यांच्या १९३९ पासूनच्या परंपरेत आधी कान तयार करायचा आणि मग उच्चाराकडे वळायचं, असा क्रम होता. पण "तार नाही, तार!" म्हणणाऱ्या मुलाला त्या पहिल्या पायरीवर अडकवून ठेवायची गरज नाही. 'रात' आणि 'लात' यांतला फरक त्याला स्वच्छ कळतो, पण जीभ 'र'पर्यंत पोचत नाही, तर जीभच शिकवावी लागते. ॲप्रॅक्सिया असेल, म्हणजे तोंडाच्या हालचालींची जुळवाजुळवच मेंदूला जड जात असेल, तर भर पुन्हापुन्हा बोलण्याच्या सरावावरच हवा. फुगे फुगवणं, शिट्ट्या वाजवणं, जीभ नुसती हलवणं यांनी उच्चार सुधारतात याला मात्र भक्कम पुरावा नाही.

काही मुलं दुसऱ्याची चूक झटकन पकडतात आणि स्वतःची मात्र ऐकूच येत नाही. त्यांचा स्वतःचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून त्यावर मणी ठेवायला लावा. पहिल्यांदा ऐकल्यावर चेहरा बघण्यासारखा होतो.

थेरपिस्ट निवडताना मी दोनच गोष्टी विचारेन: पारख तपासली का, आणि एका सत्रात ऐकणं किती, बोलणं किती? ऐकण्याला पाच-दहा मिनिटं आणि बाकी वेळ बोलण्याला, हे मला पटतं. अख्खं सत्र हेडफोन लावून बसवणं पटत नाही.

काही आठवड्यांनी 'कार' विचारू नका, ते पाठ झालेलं असतं. सरावात कधीच न आलेला 'कुलूप' किंवा 'काठी' विचारा. मणी बरोबर पडतायत आणि तोंडातून तरीही 'तुलूप' येतंय, तर कानाचा सराव थांबवून तो वेळही जिभेला द्या.