इस्तंबूल आणि व्ही८ : मोठ्या मुक्तस्रोत अ‍ॅप्लिकेशनचे कोड कव्हरेज मोजताना आलेला अनुभव

गेले अनेक महिने मी एका मोठ्या मुक्तस्रोत वेब अ‍ॅप्लिकेशनच्या जावास्क्रिप्ट चाचण्यांचे कव्हरेज, म्हणजे चाचण्यांत कोडचा किती भाग प्रत्यक्ष चालतो ते, दोन मार्गांनी मोजत आहे: इस्तंबूल हे कव्हरेज मोजणारे साधन आणि व्ही८ हे क्रोममधले जावास्क्रिप्ट चालवणारे इंजिन. अ‍ॅप्लिकेशनचा सर्व्हरकडील भाग नोडवर (व्ही८ वापरून ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालतो आणि ब्राउझरकडील भाग बंडल होऊन, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधून, जातो. कोड तोच आणि चाचण्याही त्याच असल्या, तरी दोन्ही साधनांची टक्केवारी वेगळी येते. हा फरक कुठून येतो हे समजून घेतल्यावरच मला त्या अहवालांचा खरा उपयोग होऊ लागला.

इस्तंबूल कोड चालण्यापूर्वीच त्यात बदल करते. प्रत्येक विधान, फंक्शन आणि शाखेपाशी (अटीनुसार कोड घेतो ती वाट) ते एक गणक बसवते आणि सर्व नोंदी एका ग्लोबल ऑब्जेक्टमध्ये साठवते. व्ही८ मध्ये मोजणी इंजिनच्या आतच होते. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये ही सोय २०१७ साली ५९ व्या आवृत्तीत आली, आणि नोडमध्ये सी८ हे साधन तिचाच आधार घेते. इंजिन मात्र विधाने मोजत नाही. मूळ मजकुराचा अमुक अक्षरापासून तमुक अक्षरापर्यंतचा भाग किती वेळा चालला, एवढेच ते सांगते. त्यामुळे सी८ च्या अहवालातील विधानांचा आकडा हा वस्तुतः ओळींचाच आकडा असतो.

शाखांच्या बाबतीत हा फरक सर्वाधिक जाणवतो. एल्स नसलेल्या इफमध्ये अट प्रत्येक वेळी खरीच ठरली, तर इस्तंबूल न लिहिलेली दुसरी वाट राहून गेल्याचे दाखवते आणि एचटीएमएल अहवालात तिथे ‘ई’ ही खूण करते. व्ही८ ला तिथे सांगण्यासारखे काहीच दिसत नाही. परवानग्या तपासणाऱ्या कोडमध्ये नेमकी हीच न लिहिलेली वाट महत्त्वाची असते, म्हणून त्या भागासाठी मी इस्तंबूलवरच विसंबतो. शिवाय जे फंक्शन एकदाही चालले नाही, त्याच्या आतल्या शाखा सी८ च्या हिशोबात येतच नाहीत आणि शाखांची टक्केवारी वास्तवापेक्षा चांगली दिसते.

वेगाच्या बाबतीत व्ही८ निःसंशय सरस आहे. गणक बसवण्याची वेगळी पायरी नसल्याने चाचण्या लवकर आटोपतात, आणि नोडच्या चाइल्ड प्रोसेसना (मूळ प्रोग्रामने सुरू केलेले उपप्रोग्राम) कव्हरेज चालू करणारे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल वारशाने मिळत असल्यामुळे त्यांचेही कव्हरेज वेगळी खटपट न करता गोळा होते.

ब्राउझरमधील चाचण्यांना मात्र दोन्हीकडे काळजी घ्यावी लागली. इस्तंबूलचा ग्लोबल ऑब्जेक्ट पान बदलले की नाहीसा होतो, म्हणून प्रत्येक नेव्हिगेशनपूर्वी तो वाचून ठेवावा लागतो. वेब वर्करला (पानामागे वेगळी चालणारी स्क्रिप्ट) स्वतःचे ग्लोबल असल्यामुळे तिथली नोंद वेगळी आणावी लागते. पपेटिअरमध्ये (ब्राउझर कोडने चालवणारे साधन) एखादे फंक्शन पानात चालवण्यासाठी पाठवले, तर ते मजकूर बनून जाते; त्यातील गणकाची व्याख्या पानात नसल्यामुळे चाचणी रेफरन्स एररने कोसळते. अशा फंक्शनवर ‘इग्नोर नेक्स्ट’ ही टिप्पणी लिहिणे हा त्यावरचा उपाय आहे. व्ही८ मध्ये ही अडचण नाही, पण तिथे सगळी भिस्त सोर्स मॅपवर, म्हणजे बंडलमधील जागा मूळ ओळींशी जोडणाऱ्या फाइलवर, असते. मॅप सदोष असेल, तर मिनिफाय केलेल्या (आकाराने लहान केलेल्या) बंडलमधील नोंदी भलत्याच ओळींवर जाऊन बसतात.

मोठ्या प्रकल्पात आणखी एक गोष्ट दोन्ही साधनांना लागू पडते. जी फाइल कोणत्याही चाचणीत लोडच होत नाही, ती सांगितल्याखेरीज अहवालात येत नाही. एनवायसी (इस्तंबूलचे कमांड-लाइन साधन) आणि सी८ मध्ये त्यासाठी ‘ऑल’ हा पर्याय आहे आणि जेस्ट या चाचण्या चालवणाऱ्या साधनात ‘कलेक्ट कव्हरेज फ्रॉम’. तो लावताच एकूण टक्केवारी घसरते, पण चाचण्यांच्या कक्षेबाहेर राहिलेले जुने मॉड्यूल प्रथमच नजरेस पडते, आणि माझ्या मते ही घसरण आनंदाने स्वीकारावी.

सध्या दैनंदिन चाचण्यांसाठी व्ही८ आणि रात्रीच्या पूर्ण बिल्डसाठी इस्तंबूल अशी विभागणी आम्ही ठेवली आहे. दोन्हींचे अहवाल एकत्र मिसळत नाही, कारण शाखांची व्याख्याच वेगळी असताना त्यांची बेरीज निरर्थक ठरते. नव्या योगदानावर एकूण टक्केवारीची अट नाही. बदललेल्या ओळींपैकी न चाललेल्या ओळी तेवढ्या परीक्षणकर्त्यापुढे ठेवल्या जातात आणि त्यांना चाचणी हवी की नको हे तो कोड वाचून ठरवतो.