लाटलेल्या की ओढलेल्या? घरच्या चिनी नूडल्सबद्दल माझा कौल

मैद्याच्या नूडल्स घरी हाताने करायच्या ठरल्या की पहिला प्रश्न हाच पडतो: लाटून सुरीने कापायच्या, की चीनमधल्या शीआन शहराच्या ब्यांग-ब्यांग या रुंद पट्टीच्या नूडल्ससारख्या ओढून लांबवायच्या? मी दोन्ही बऱ्याचदा केल्या आहेत, म्हणून लिहितो.

साहित्यात फरक फक्त पाण्याचा. चौघांना 400 ग्रॅम मैदा आणि थोडं मीठ. लाटायच्या असतील तर मी साधारण 175 मिलिलिटर पाणी घेतो; गोळा शंकरपाळ्यांच्या पिठासारखा घट्ट हवा. ओढायच्या असतील तर 200 ते 210 मिलिलिटर, आणि लाट्यांना तेल चोळून दीड-दोन तास झाकून ठेवायच्या. पुरणपोळीची कणीक ज्याने तेलात मुरवली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. मुरली की ताणते, घाई केली की तुटते.

चवीला ओढलेली पट्टी सरस, हे मान्यच करतो. दोन बोटं रुंद, कुठे जाड कुठे पातळ, दाताला छान प्रतिकार करणारी. तिच्यावर शीआन ज्यात आहे त्या शान्शी प्रांताच्या पद्धतीने सोया सॉस, काळं व्हिनेगर, ठेचलेला लसूण, कांद्याची पात, मिरचीचा भरडा आणि वरून कडकडीत तेल. आपली वरून घातलेली फोडणीच म्हणा ना. चर्र असा आवाज आला नाही तर लसूण कच्चट लागतो. मिरची मी रंगाला बेडगी आणि झणक्याला थोडी लवंगी घेतो.

पण ही पट्टी थांबत नाही. ओढली की लगेच उकळत्या पाण्यात जायला हवी. ताटात ठेवली तर आक्रसते, शेजारणीला चिकटते. म्हणजे एकेक वाडगा वेगळा करायचा, प्रत्येकावर वेगळं तेल तापवून ओतायचं. एकदा आई आली होती. पहिला वाडगा तिला दिला, तर "तू कधी बसणार?" म्हणत ती तो पुढ्यात घेऊन तशीच थांबली. माझा चौथा होईपर्यंत तिच्या पट्ट्यांचा गोळा झाला होता आणि तेल निवलं होतं. तो गार वाडगा तिने काही न बोलता संपवला. त्या दिवसापासून माझं पारडं लाटण्याकडे झुकलं.

लाटलेल्या नूडल्स वाट पाहतात. चीनमध्ये यासाठी लांबलचक लाटणं असतं. आपल्या पोळीच्या लाटण्यावर चार लहान गोळे करून, पोळपाट सोडून थेट ओट्यावर लाटलं की भागतं. पारी दोन मिलिमीटरची हवी. कॉर्नफ्लॉवरची पिठी सढळ हाताने लावा, सैल घड्या घाला आणि सुरी न ओढता दाबून कापा. मोकळ्या करून ठेवल्या की तासभर काही होत नाही. मोठ्या पातेल्यात एकदम सोडा. दोन-तीन मिनिटांत चारही वाडगे एकत्र पानावर.

बारीक कापल्या तर चीनच्या सिचुआन प्रांतातल्या दानदान नूडल्सचं टॉपिंगही शोभतं. 'दान' म्हणजे खांद्यावरची कावड. फेरीवाले ती घेऊन फिरत, त्यावरून हे नाव. कोरडा परतलेला खिमा, मिरचीचं तेल, थोडी तिळाची पेस्ट आणि जीभ बधिर करणारी सिचुआन मिरी. ही मिरी आणि आपलं कोकण-गोव्याचं तिरफळ दोन्ही झँथॉक्सिलम या एकाच प्रजातीतली. मिरी नसली की मी तिरफळाची काळी बी टाकून टरफल भाजून कुटतो. वास थोडा वेगळा येतो, पण जिभेवरची झिणझिण तीच जातकुळीची.

दोघंच जेवणार असाल आणि हाताशी वेळ असेल तर ओढून पाहाच, तो पोत लाटून मिळत नाही. चौघं-पाचजण असतील तर मी तरी लाटणंच काढीन. आणि नूडल्स उकळलेलं वाटीभर पाणी ओतून देऊ नका. दानदानचा मसाला घट्ट वाटला तर त्यानेच सैल करायचा.